तात्यांची शेवटची प्लेट

शेजारच्या मळ्यातल्या तात्यांनी एकदा जावयाच्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं, तेही ऐन माघात. जावयाचा गुन्हा एवढाच, की त्यानं अंगणात विडी पेटवली.

"फोटूची प्लेट उघडी हाय माझी!" तात्या ओरडले. "उजेड म्हंजे वैरी!"

तात्यांनी पुण्याच्या लिलावातून दुर्बीण आणली होती. तिला कॅमेरा जोडून मृगातल्या बाणाखालच्या तेजोमेघाचा फोटो काढायचा, हा त्यांचा ध्यास. तारे सरकतात, म्हणून अर्धा तास बाजूच्या छोट्या दुर्बिणीला डोळा लावून, हातानं स्क्रू फिरवत दुर्बीण त्यांच्यामागं न्यायची. तेवढ्या वेळात घरात त्यांच्या बायकोनं, काकूंनी, खोकायचंसुद्धा नाही.

पण बांधापलीकडं सोपानरावांचं गुऱ्हाळ होतं. रस उकळायचं चुलवाण पेटलं की निम्मं आभाळ तांबडं.

"घटकाभर इझीव की रं!"

"रस उकळतोय, तात्या. तुमचा तारा उद्या बी असंल. माझा गूळ ऱ्हाईल व्हय?"

दोघांचं बोलणंच तुटलं.

त्या हिवाळ्यात तात्यांकडं काचेची एकच प्लेट उरली. रसाची मोठी काहील उतरवताना चुलवाण मंदावतं, तेवढीच संधी. एका रात्री ते मंदावलं आणि तात्यांनी कॅमेऱ्याचं झाकण काढलं. त्यांच्या मदतीला मी घड्याळ धरून उभा. तात्यांच्या कपाळावर थंडीतही घाम. स्क्रू केसभर फिरे, थांबे, पुन्हा फिरे.

निम्मा वेळ सरला आणि बांधापलीकडून किंकाळी आली.

तात्यांची बोटं थबकली. डोळा मात्र दुर्बिणीलाच. दुसरी किंकाळी आली तसे ते उठले आणि दुर्बिणीसमोरच त्यांनी कंदील पेटवला.

"तात्या, झाकण!"

"मरू दे झाकण. बैल जुप!"

गूळ ओतताना उकळता पाक सोपानरावांच्या पायावर सांडला होता. बारामतीच्या दवाखान्यापर्यंत तात्या गाडीत तो पाय मांडीवर धरून बसले. प्लेट धुतली तेव्हा कंदिलाच्या उजेडानं ती नुसती काळीठिक्कर निघाली.

काही दिवसांनी सोपानराव काठी टेकत अंगणात आले.

"तात्या, आज चुलवाण पेटवलं न्हाय. काडा तुमचा फोटू."

खरंच, पलीकडं मिट्ट अंधार होता. प्लेटांचा डबा रिकामा आहे हे सांगायला मी तोंड उघडलं, तोच तात्यांनी माझा दंड दाबला.

"बसा, सोपानराव. पन हलू नगा."

रिकाम्या कॅमेऱ्याचं झाकण काढून त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि पुरा अर्धा तास, श्वास आवरत, स्क्रू फिरवत राहिले.

"आला का वो?" शेवटी सोपानरावांनी हळूच विचारलं.

"आला," तात्या म्हणाले. "लई झ्याक आला."