वासाला साखर नसते

करंदीकरकाकांच्या वाळवंटाला मी पाणी घातलं. तेही चांगल्या भावनेनं.

सिंगापुरात बुओना व्हिस्टाला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये काका एकटे राहतात. त्यांचं वाळवंट म्हणजे बाल्कनीतली एक कुंडी. लेकीनं न्यू मेक्सिकोहून पाठवलेल्या बियांचं रानफूल. पिवळ्या पाकळ्या, मधे तपकिरी डोळा. रात्री उमलतं, सकाळी चक्क चॉकलेटचा वास देतं आणि ऊन तापलं की मान टाकतं. त्या वासापायी मी एकदा आमच्या मुलीवर ब्रश न करता चॉकलेट खाल्ल्याचा आळ घेतला होता.

पाऊस आला की काका कुंडीवर छत्री धरून उभे. फूल कोरडं, काका चिंब. इथल्या दमट हवेत बी टिकावं म्हणून ते कॅमेरा ठेवायच्या, ओल शोषणाऱ्या कपाटात. कॅमेरा बाहेर, बुरशी खात. सकाळी बिनसाखरेची कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन फुलापाशी बसायचं, दीर्घ श्वास घ्यायचा आणि मला हाक मारायची, "हुंगा हो, साने! वासाला साखर नसते!"

गेल्या महिन्यात ते आठवडाभर पुण्याला गेले. किल्ली देताना म्हणाले, "थेंबसुद्धा नको. हे लाडानं मरतं."

रविवारी दुपारी डोकावलो, तर रोप मलूल. माझा जीव कळवळला. तांब्याभर ओतलं. संध्याकाळी टवटवीत! मला वाटलं, माझ्याच हाताला गुण आहे. मग रोज ओतलं.

काका परतले तेव्हा मुळांचा चिखल झाला होता.

"बाबा, यू ड्राउन्ड इट लाह!" मुलीनं माझ्या वतीनं कबुली दिली.

काका कुंडीकडे बघत राहिले आणि एकदम हसायला लागले. "आमची ही अगदी अशीच! मधुमेह, आणि चॉकलेटवर जीव. मी डबे लपवायचो, म्हणून लेकीनं हे बी पाठवलं. सकाळी इथे वास घेत बसायची आणि दुपारी माझी पाठ वळली की तांब्याभर पाणी. दोन-तीन रोपं मारली. वर मलाच म्हणायची, तहानलेलं बघवत नाही हो."

मग कपाट उघडून बी शोधत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती गेल्यापासून एकही मेलं नव्हतं, साने."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता माझी खैर नाही. पण ती म्हणाली, "नवं रोप आलं की अधूनमधून घोटभर घालत जा. काकांना कुणीतरी हवं, रागवायला."