मांडीतले दात

चटईवर आपटताना 'कट्' असा आवाज आला आणि एक्स-रे काढणाऱ्या ताईंनी पडल्यापडल्याच निदान करून टाकलं. "मांडीचं हाड. मानेपाशी मोडलंय. मला कुणी हलवू नका."

"मान की मांडी, नक्की काय?" प्रशिक्षक घाबरला.

"मांडीच्या हाडालाही मान असते."

ताई ट्रिकिंग, म्हणजे उड्या, लाथा आणि कोलांट्यांचा खेळ, शिकत होत्या. आधी नीट पडायला शिकल्या, मग लोळायला, मग हातांवरून चक्र घ्यायला. आज पहिल्यांदाच हवेत आडवं होऊन लाथ फिरवायची होती. लाथ फिरली, ताईही फिरल्या. फक्त पायांच्या आधी कंबर खाली आली.

दुखण्यापेक्षा त्यांना दिलेल्या शब्दाची काळजी होती. "एक जरी हाड मोडलं, तर हे उड्या मारणं बंद," असं नवऱ्याने बजावलं होतं आणि त्यांनी ते कबूल केलं होतं.

फळीवर घालून त्यांना त्यांच्याच हॉस्पिटलात नेलं. नवरा धापा टाकत पोहोचला. एक्स-रेच्या खोलीत दुपारपाळीचा सहकारी होता.

"ताई, खिशात काही आहे का?"

"हा प्रश्न मीच तुला शिकवलाय," ताई कण्हत म्हणाल्या. "फोटो काढ. पाऊल जरा आत वळव."

त्याने बाहेर वळवलं.

"आत म्हणजे आत रे."

मग तो काचेआड जाऊन पुटपुटत आकडे लावू लागला. ते ऐकून ताईंना राहवेना. त्या उठल्या, तरातरा काचेआड गेल्या, आकडे दुरुस्त केले आणि परत टेबलावर येऊन कण्हू लागल्या.

"अगं, तू चालत गेलीस," नवरा दारातून म्हणाला.

"धक्क्यात माणूस चालतो. दार लाव, किरण लागतील."

फोटो आला. हाड धडधाकट, मान ताठ. शेजारी मात्र बारीक दातांच्या दोन पुसट ओळी.

नवऱ्याने चष्मा वर केला. "मांडीत दात?"

ताईंनी खिशात हात घातला. कंगव्याचे दोन तुकडे निघाले. सहकारी एकदम छताकडे बघू लागला.

"मोडलं तर आहेच," नवरा म्हणाला.

"हाडाचं ठरलं होतं."

त्याचा जीव नुकताच भांड्यात पडला होता. तो पुन्हा बाहेर काढून वाद घालायची त्याची इच्छा नव्हती.

पुढच्या वर्गाला ताई निघाल्या, तर नवरा दारात आडवा उभा.

त्याने हात पुढे केला. "खिशात काही आहे का?"

ताईंनी निमूटपणे नवा कंगवा त्याच्या हातावर ठेवला.