चिऊच्या माळेचं कपाट

या, जरा जवळ सरकून बसा. बोलण्याचा महिमा सांगणारी कथा सांगतो.

रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, हे सत्य तुम्ही जाणताच. एका शाळेने त्यापुढे पाऊल टाकलं. रडणं चालणार नाही, पूर्ण वाक्यात मागा.

त्या शाळेच्या मोठ्या बाई म्हणजे दयेचा सागर. त्यांच्या शाळेत एक स्वमग्न मुलगी होती. तिला सगळे चिऊ म्हणत. तोंडातून शब्द फुटत नसे, पण गळ्यात चित्रांची माळ असे: पाणी, संडास, गोंगाट, पुरे. चित्र दाखवलं की काम होई. (‘पुरे’ सगळ्यात जास्त झिजलं होतं, मोठ्या बाई वर्गात आल्या की ते हमखास वर येई.)

बाईंचं काळीज तुटलं. “सगळं आयतं मिळालं तर पोर तोंड उघडेल कशाला?”

समिती बसली. माळ कपाटात गेली, किल्ली बाईंच्या पर्समध्ये. विद्यार्थिनीने स्पष्ट उच्चारात मागणी केल्यास माळ तत्काळ देण्यात येईल, असं ठरलं. (मागणी एकही आली नाही. त्याअर्थी विद्यार्थिनी समाधानी आहे.)

चिऊ रोज कपाटाचं दार तळहाताने थोपटी. याला शास्त्रात वर्तनसमस्या म्हणतात.

“बाई, तहान लागलीय हो तिला,” तिची आई कळवळून म्हणाली.

“ताई, तुम्ही मध्ये बोलू नका. तिला बोलू द्या.”

मग आला संवाददिन. ‘ऐकण्याचे महत्त्व’ या विषयावर मोठ्या बाई इतक्या बोलल्या की घसाच बसला. त्यांनी पाण्याच्या तांब्याकडे बोट दाखवलं.

“पूर्ण वाक्यात, बाई,” चिऊच्या वर्गशिक्षिका अदबीने म्हणाल्या.

बाईंनी अंगठा ओठाला लावला.

“खुणेवर द्यायचं नाही, तुमचीच सूचना आहे.”

बाईंनी तळहाताने टेबल थोपटलं. (वर्तनसमस्या.)

तेवढ्यात चिऊ उठली, पेला भरला आणि बाईंपुढे धरला. बाईंचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी आवाज परतला, तशी समिती पुन्हा बसली. “बघा,” बाई गहिवरून म्हणाल्या, “पोरीला न बोलता सगळं कळतं! मग चित्रं हवीत कशाला?” माळ कपाटातच ठेवण्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

तुम्ही हळहळून मान हलवलीत, ती मला पोचली. पूर्ण वाक्य मागत नाही. देवापुढेही आपण मुकाट हात जोडतो, आणि त्याने ओळखून द्यावं म्हणतो. तो बिचारा अजून तरी समिती नेमत नाही. पुन्हा हात जोडाल तेव्हा चिऊची आठवण असू द्या. ती कपाटापुढे उभी आहे, आणि तहानलेली आहे.