बासष्टाव्या क्रमांकाचे वर्तमान

श्री. लिहावयास बुद्धी देते ती शारदा आणि लिहिलेले वाचावयास धीर देतो तो गजानन, उभयतांस नमस्कार करून लिहितो. शके सोळाशे चौऱ्याण्णव, नंदननाम संवत्सरी, आश्विन मासी घडले ते ऐसे जे, सातासमुद्रापलीकडील विद्वत्सभेचे वकील दरबारी आले आणि बोलिले की, आम्ही देशोदेशीची पंधरा वर्षांची मुले पाहतो, पाठांतर पुसत नाही, शिकले ते व्यवहारी चालते की नाही इतुकेच पाहतो. मुले चिठ्ठ्या टाकून निवडू, कागदावर नाव कोणाचेच नाही, आणि क्रमांक लागेल तो मुलाचा नव्हे, राज्याचा. शेजारील राज्य गतखेपेस बारावे आले होते, हे महाराजांचे पोटी सलत होते. मग थोरले पंतोजी विसाजीपंत यांस आज्ञा जाहली की, शेजाऱ्याचे वर गेलो तर शालजोडी, न गेलो तर तुमचे पंतोजीपण गेले.

राज्याची चाल ऐसी की, महाराजांची बिरुदे लिहिल्याविना कोणताही कागद सुरू करू नये, आणि बिरुदे एकशे आठ, एकेक दीड ओळीचे, आणि न लिहील त्यास शाळेतून काढावे. पंतांनी तीन महिने तीच घोटून घेतली, एक वेलांटी चुकू दिली नाही. चिठ्ठ्यांत भिवरा नामे नावाड्याची लेक निघाली. ती नदी उतरून उशिरा येई आणि दारापाशी बसे, आणि बिरुदे सकाळीच होत, म्हणोन ती तिचे कानी कधी पडली नाहीत. पंतांनीही तिची चौकशी केली नाही. निवडलेल्या चाळिसांत एक, असो म्हणाले. मग परीक्षेचे दिवशी वकिलांनी दोन घटका दिल्या, आणि मुले माना घालून बिरुदे लिहू लागली, आणि अक्षर मोत्यासारखे, आणि सत्त्याण्णवाव्या बिरुदाशी घटका सरल्या.

सहा महिन्यांनी कागद परत आले, सोबत खलिता आला. राज्ये बासष्ट, आपले बासष्टावे. मात्र एक कागद सभेस फार मानवला, त्यावर सर्व उत्तरे होती. महाराजांनी तो पाहिला तो बिरुद एकही नाही. दिवाण बोलिले, अपराधी शोधून काढावा. विसाजीपंतांनी अक्षर ओळखले. मुकाट राहते तर अब्रू झाकली जाती, परंतु पंत उठले आणि हात जोडून बोलिले, "महाराज, अक्षर भिवरेचे. तिला बिरुदे मी शिकवलीच नाहीत, तेवढी एक पोर त्यांतून वाचली. काढावयाचे तर मला काढावे."

मग महाराजांनी भिवरेस बोलाविले आणि कागदातील एक सवाल दिवाणांस पुसला: नावेत सहा जणे मावतात, पैलतीरी जाणारे वीस, तर खेपा किती? दिवाणांनी बोटे मोडून सव्वातीनाहून किंचित अधिक सांगितल्या. भिवरा हळूच बोलिली, "मग उरल्यांना मधल्या धारेत उतरवायचं काय जी? आन् नाव वल्हवणारा माझा बा बसंल कुठं? पाच-पाच नेले की चार खेपा." महाराज वदले की, बिरुद एक पुरे.

पंतांचे पद राहिले. मात्र दुसरे दिवसापासून ते नदीकडे पाहत दारात उभे राहत, आणि भिवरा उतरून आल्यावाचून पाठ सुरू करीत ना.

एवंच, राज्य बासष्टावे आले, बिरुदे एकशे सात कमी जाहली, आणि शाळा नावेच्या वेळेवर भरू लागली.