आत्याच्या खोलीची पट्टी

या मंडळी, जवळ या. मागे भिंतीला टेकू नका, असे पुढे सरका. एक गोष्ट सांगतो. लाकडाची आहे, वाळूची आहे, आणि ऐकणाऱ्याचं भलं करणारी आहे.

भिंत कितीही थोर असली तरी तिचं अधःपतन पायाकडून सुरू होतं, हे सनातन सत्य आहे. वर रंग, फोटो, घड्याळ. खाली वीतभर ओल, पोपडे आणि रेती. भगवंताने माणसाला शहाणपण दिलं असतं तर माणसाने भिंत दुरुस्त केली असती. पण भगवंत दयाळू. त्याने माणसाला पट्टी दिली. भिंत जिथे जमिनीला टेकते तिथे बसवायची ही लाकडी पट्टी (दुकानदार तिला स्कर्टिंग म्हणतो आणि किंमत सांगण्याआधी खोकतो) म्हणजे घराचं शील. ती आहे तोवर आत काय चाललंय ते कुणी विचारत नाही.

आमची आत्या तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. आईमागे मला तिनेच वाढवलं. तिच्या गुडघ्यांनी जिन्याशी असहकार पुकारला, तेव्हा तिला कायमचं आमच्याकडे आणायचं ठरलं. मागची खोली तळमजल्याची, उजेडाची, न्हाणीघराला लागून. उणीव एवढीच की तिच्या भिंती खालून झडत होत्या. झाडू मारावा आणि मागे वळून पाहावं तर पुन्हा रेती.

"गवंडी बोलवा. गिलावा खरवडून नवा करून घ्या," बायको म्हणाली.

हा उपाय फारच सरळ असल्यामुळे विचारात घेण्यात आला नाही. शिवाय माझा मेहुणा हजर होता. मेहुणा जाणकार माणूस. त्याच्या स्वतःच्या घराचं दार लागत नाही. पण ते का लागत नाही, हे त्याच्याइतकं कुणालाच सांगता येत नाही.

"दाजी, पट्टी मारू," तो म्हणाला. "खालचं दिसलंच नाही, तर झडतंय कुठे?"

माझ्या अंगावर काटा आला. इतकी कीर्तनं ऐकली, पण माया इतक्या थोडक्यात कुणी समजावली नव्हती.

प्रथम खिळे. खिळा आनंदाने आत जाई आणि त्याच आनंदाने बाहेर येई. येताना मूठभर भिंत घेऊन येई. मग ड्रिल, आणि स्क्रू धरायला भोकात ठोकायची प्लास्टिकची गिट्टी. भोक गिट्टीहून मोठं झालं, म्हणून मोठी गिट्टी आणली. तोवर भोकही वयात आलं होतं. शेवटी त्या भोकातून बायकोचा आवाज आला, "दिसताय मला." पलीकडे स्वयंपाकघर आहे.

त्यानंतर गोंद. पट्टी गिलाव्याला पक्की चिकटली. गिलावा भिंतीला चिकटलेला नव्हता, ही बाब वेगळी. पट्टी आणि गिलावा गळ्यात गळा घालून खाली आले. या टप्प्यावर एक पाहणी करण्यात आली. तीत असं आढळलं, की पट्टी पडण्यात भिंतीचा दोष शंभर टक्के असून कारागिराचा शून्य टक्के आहे. (पाहणी कारागिरांनी केली.)

तेव्हा मेहुण्याला वाशांचं सुचलं. समोरासमोरच्या पट्ट्यांच्या मधे, जमिनीलगत, आडवे वासे ठासून बसवायचे. ही भिंत तिला रेटणार, ती हिला. गोंद वाळला की वासे काढायचे. गोंद वाळला. एक वासा काढला. पट्टीने कमरेतून वाकून आम्हाला नमस्कार केला. वासा परत ठासला. अशा रीतीने वासे 'तात्पुरते' या सदरातून 'कायम' या सदरात घेण्यात आले.

मग ओघानेच नियम आले: दार आपटू नये, पंखा पहिल्या नंबरच्या वर नेऊ नये, खोलीत शिंकायचं झाल्यास बाहेर यावं. पलंग आत जाईना, कारण वासे मधे. म्हणून पलंग व्हरांड्यात उभा केला.

आत्या आली. बॅग खाली ठेवून ती खोलीच्या दारात उभी राहिली.

"अगंबाई, किती सरळ बसलीय रे पट्टी! आणि मी झोपायचं कुठे?"

"वाशांवर," बायको म्हणाली. "पाखरासारखं."

आत्याची सोय बाहेरच्या सोफ्यावर झाली. सोफा आखूड, तिने पाय पोटाशी घेतले. सकाळी ते सरळ होईनात.

"बाळ, काढून टाक की ते वासे," ती म्हणाली. "पडली पट्टी तर पडली. मी काय तिच्याकडे बघत बसणार आहे?"

"आत्या, आता प्रश्न पट्टीचा राहिला नाही," मेहुण्याने तिला मायेने समजावलं. "वासा काढला तर काय काय खाली येईल, सांगता येत नाही."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी पट्टीकडे पाहिलं. सरळ होती.

आठवडा सरला आणि तिने बॅग भरली. "माझा जिना बरा रे. निदान तो मला ओळखतो," म्हणाली आणि हसली. मी तिला पोचवायला गेलो. प्रत्येक मजल्यावर ती कठड्याला धरून थांबली. मीही थांबलो, आणि तिथल्या भिंतीची पट्टी वाकून तपासली. काम चांगलं होतं.

आमची खोली आता नामांकित झाली आहे. येणारा प्रत्येक पाहुणा दारातूनच पाहतो, 'वा' म्हणतो, आणि स्वतःच्या घरच्या भिंतीसाठी मेहुण्याचा नंबर घेतो.

तुम्हीही मघापासून पट्टी टिकते की पडते, याच घोरात होतात. तुमच्या तोंडावर दिसत होतं. म्हातारी तो जिना कशी चढली, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. वाईट वाटून घेऊ नका; मलाही नव्हतं सुचलं. म्हणून एवढंच मागणं आहे. देवापुढे हात जोडाल, तेव्हा आमच्या भिंतीसाठी काही मागू नका. तिला धरायला वासे आहेत. आमच्या आत्याची तेवढी आठवण काढा.