वकिलाविना बक्षीसपत्र

"वकील कशाला हवाय?" लुएला बर्डिक फोनवर बहिणीला म्हणाली. "आयुष्यभर शाळेच्या खानावळीत शेकडो पोरांना जेवू घातलंय मी. एक बक्षीसपत्र लिहिता येणार नाही मला?"

पलीकडे फ्लोरिडात नेडीनने विषय बदलला. लुएलाशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालेलं नव्हतं.

खरं सांगायचं तर लुएला थकली होती. कनेटिकटच्या त्या डोंगराळ कोपऱ्यात तिचं घर, घराला तळघर, तळघरात घर गरम ठेवणारा बॉयलर, आणि तो बॉयलर लाथ घातल्याशिवाय पेटत नसे. घरापासून सडकेपर्यंतच्या लांबलचक वाटेवरचा बर्फ हिवाळाभर उपसायचा. नवरा वेंडेल होता तोवर दोघं मिळून उपसत आणि भांडत. आता भांडायलाही कुणी उरलं नव्हतं. घर विकायला काढलं, तर गिऱ्हाईक सडकेवरूनच गाडी वळवायचं. रिकामं सोडून जावं, तर पहिल्याच थंडीत पाणी गोठून नळ फुटणार. तेव्हा वेंडेलच्या पुतण्याला, रसेलला, घर फुकट द्यायचं आणि बर्फ पडायच्या आत नेडीनकडे उन्हात जाऊन बसायचं, एवढंच तिला हवं होतं.

लायब्ररीतून पुस्तक आणून तिने कायदा वाचला. पाठच केला म्हणा ना. रसेल भेटला की त्याचा वर्ग घेई.

"देणाऱ्याची सही लागते. दोन साक्षीदार लागतात. मिळकतीची चतुःसीमा लागते. आणि मी नुसतं दिलं म्हणून भागत नाही, तू ते घ्यावं लागतं. कळलं का?"

"घेतो की, काकू," रसेल म्हणाला. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारा माणूस आणखी काय म्हणणार?

चतुःसीमेसाठी तिने जुनं खरेदीखत काढलं. पहिलं पान वाचूनच तिचं डोकं उठलं. ओकच्या झाडापासून ओढ्यापर्यंत, ओढ्यापासून कुणा कर्नलच्या डुकरांच्या गोठ्यापर्यंत. ओक वादळात पडून शेकोटीत संपला होता, ओढा कधीच आटला होता, आणि कर्नल कुठल्या लढाईतला होता देव जाणे. दुसरं पान मात्र कसं सुटसुटीत! लोखंडी खुंटीपासून लोखंडी खुंटीपर्यंत, फूट-इंचांसकट. ही सुधारलेली चतुःसीमा, असं लुएलाने परस्पर ठरवलं आणि तेवढीच उतरवून घेतली.

गावच्या कचेरीत दस्त नोंदवायला मार्व्हा बसायची. तिने बक्षीसपत्र वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

"लुएला, नीट वाचलंयस ना हे?"

"मीच लिहिलंय."

"म्हणजे तुला हेच द्यायचंय?"

"कधीचं द्यायचंय, बाई. तू सल्ला देऊ नकोस, शिक्का मार."

"सल्ला द्यायला मला बंदीच आहे," असं म्हणून मार्व्हाने सुस्कारा सोडला. एक साक्षीदार ती स्वतः झाली, दुसरा कुत्र्याचा परवाना काढायला आलेला एक गृहस्थ. लुएलाने सही केली, कागद रसेलच्या हातात ठेवला, त्याने तो घेतला, मार्व्हाने नोंदवला. कायद्याला बोट ठेवायला जागा नव्हती.

लुएलाने त्याच दिवशी विमानाचं तिकीट काढलं आणि आपला पलंग चर्चच्या जुन्या बाजाराला देऊन टाकला. रसेल राहायला आला. आठवडाभरात त्याला घराची ओळख पटली. माळ्यावर खारी नांदत होत्या, विहिरीचं पाणी कॉफीच्या रंगाचं येत होतं, आणि बॉयलर तर पहाटे हटकून रुसायचा.

लुएला निघायच्या आदल्या दिवशी रसेल विमेवाल्याकडे जाऊन आला आणि दारातच थबकला.

"काकू, तो म्हणतो माझ्या जागेवर घरच नाही."

"आंधळा आहे का मेला?"

"तू मला वाट दिलीस. घरापासून सडकेपर्यंतची. वेंडेलकाकांनी ती शेजाऱ्याकडून घेतली होती ना, तिची चतुःसीमा दुसऱ्या पानावर आहे. घर पहिल्या पानावर."

लुएला सूटकेसवर बसून राहिली. मार्व्हावर राग काढावा, तर तिने बिचारीने दोनदा विचारलं होतं. शेवटी उठून तिने नवं बक्षीसपत्र लिहायला घेतलं. ओक, ओढा, कर्नल, डुकरं, सगळं. सकाळी कचेरीत सही करून तिने ते रसेलपुढे धरलं.

रसेलने दोन्ही हात खिशात घातले.

"घे की रे."

"काकू, तूच शिकवलंस ना, देऊन भागत नाही, घ्यावं लागतं?"

"मग?"

"नाही घेत. त्या बॉयलरला लाथा घालून पाय सुजलाय माझा."

लुएलाने मार्व्हाकडे पाहिलं. मार्व्हाने छताकडे पाहिलं.

रसेल आपल्या दोन खोल्यांत परत गेला. विमान लुएलाला न घेताच उडालं. पलंग बाजारात खपलाच होता, म्हणून ती सोफ्यावर झोपू लागली.

पहिला बर्फ पडला, त्या सकाळी मात्र तिला एकाएकी हुरूप आला. तिने फोन उचलला.

"रसेल, त्या वाटेवर, म्हणजे तुझ्या जमिनीवर, ढोपरभर बर्फ पडलाय. फावडं घेऊन ये. मालक तू आहेस."

"पडू दे की, काकू," रसेल जांभई देत म्हणाला. "मला कुठे जायचंय तिथून?"

लुएलाने फोन ठेवला, वेंडेलचे बूट चढवले आणि दुसऱ्याच्या जमिनीवरचा बर्फ उपसायला ती बाहेर पडली.