प्रभारी बालक

आमच्या नागासोरी गावात एकशे चार माणसं आणि सहा राक्षस आहेत. राक्षस धरून एकशे चार. मी, ओइकावा तोमेझो, त्या सहांतला वयानं सगळ्यात मोठा, म्हणून लाल मुखवटा माझ्याकडे.

वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी आम्ही पेंढ्याचे झगे चढवतो, लाकडी सुरे घेतो आणि पाय आपटत घराघरांत शिरतो. "रडकी पोरं आहेत का रेऽऽ? आईबापाचं न ऐकणारी पोरं आहेत का रेऽऽ?" पोरं किंचाळून आजीच्या मागं लपतात. मग आम्ही एकेकाचे दोष सांगतो. ते आम्हाला घरातल्या बाईनं त्याच सकाळी गुपचूप येऊन सांगितलेले असतात. पोराला मात्र वाटतं, डोंगरातल्या राक्षसाला सगळं दिसतं. शेवटी घरधनी वाकून हमी देतो, "पोर शहाणं आहे, पुढच्या वर्षी आणखी शहाणं होईल," आम्हाला साके, म्हणजे तांदळाची दारू, पाजतो आणि आम्ही पुढच्या घरी जातो.

अडचण एवढीच, की गावात पोर नाही. शाळा कधीच बंद पडली. वर्गांत आता लोणच्यासाठी मुळ्यांना धुरी देतात. त्यामुळे आम्ही रीतीप्रमाणे ओरडायचो, पांघरुणं उचलून पोर नसल्याची खात्री करून घ्यायचो आणि प्यायला बसायचो. राक्षसांच्या दृष्टीनं हा काळ सुखाचा होता.

अशात तालुक्याच्या कचेरीत 'पर्यटन पुनरुज्जीवन व उत्साहवर्धन कक्ष' स्थापन झाला आणि त्याचे प्रमुख म्हणून उबुकातासाहेब आले. तरुण माणूस, अतिशय नम्र. कोटावर राक्षसाचा बिल्ला लावायचे. तो त्यांनीच बनवून घेतला होता. त्या राक्षसाच्या गालाला खळी होती.

पहिल्या वर्षी त्यांनी पर्यटकांची बस आणली. पर्यटक खूष होऊन गेले आणि जाताना अभिप्राय देऊन गेले. मुखवटे उत्तम, बर्फ उत्तम, लोणचं उत्तम. पण कोणी रडलं नाही.

उबुकातासाहेब माझ्याकडे आले.

"तोमेझोकाका, तुम्ही राक्षस म्हणून कमी पडलात असं मी म्हणणार नाही. पण परिणाम दिसला नाही."

"दिसणार कुणावर? मोरिहेइच्या घरात त्याची बायको आणि मांजर होतं."

"मांजर घाबरलं का?"

"झोपलं होतं."

त्यांनी ते टिपून घेतलं.

कक्षानं उत्सवाचा सखोल अभ्यास केला, तेव्हा दोष ध्यानात आला. राक्षसांची सहाही पदं भरलेली, पण 'रडणारे बालक' हे पद अनेक वर्षं रिक्त. आणि पद फार काळ रिक्त राहिलं की व्यपगत होतं. तेव्हा आधी पद वाचवणं भाग होतं.

दुसऱ्या वर्षी त्यांनी शहरातून एक मुलगी मागवली. मुलीबरोबर तिची आई आली आणि आईबरोबर बालकल्याण कक्षाची नियमावली आली. बालक घाबरता कामा नये. राक्षसानं आधी चेहरा दाखवावा, नाव सांगावं, बालकाच्या उंचीला येऊन बसावं आणि परवानगी घ्यावी. मी मुखवटा काढला. गुडघ्यांवर बसलो. गुडघे कडाकडा वाजले. त्या संध्याकाळी भिण्यासारखं तेवढंच काय ते झालं.

"माझं नाव ओइकावा. मी आता थोडंसं ओरडणार आहे. चालेल का?"

मुलगी म्हणाली, "नको."

नियमाप्रमाणे कार्यक्रम तिथंच संपला. पर्यटकांनी लोणचं खाल्लं.

तिसऱ्या वर्षी कक्षानं मूळ प्रश्नालाच हात घातला आणि बालकाची व्याख्या बदलली. यापुढे 'बालक' म्हणजे गावातील वयाने सर्वांत लहान व्यक्ती. तशी व्यक्ती शोधली, ती निघाली फुनाकी मोरिहेइ, वय एकसष्ट. त्याला 'प्रभारी बालक' म्हणून नेमल्याचा हुकूम आला.

मोरिहेइ माझ्या शेजारचा. कोळी माणूस, आवाज बोटीच्या भोंग्यासारखा. तोवर तो आमच्यातला निळा राक्षस होता, आणि फार चांगला राक्षस होता. हुकूम घेऊन तो माझ्याकडे आला तेव्हा रागानं काळानिळा झाला होता.

"तोमेदादा, मी रडू? बाप गेला तेव्हा रडलो नाही. बोट बुडाली तेव्हा रडलो नाही. आता काय तुझं थोबाड बघून रडू?"

"माझं नाही, मुखवट्याचं."

"मुखवटा त्यापेक्षा देखणा आहे."

पण कचेरीचा मान ठेवायचा म्हणून तो तयार झाला. कक्षानं त्याला बालवाडीतली पोरं घालतात तसली पिवळी टोपी दिली. शहरातून एक बाई रडण्याचा सराव घ्यायला आल्या. कांदा वापरायचा नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, कारण अस्सलपणा हे कक्षाचं ब्रीद होतं. कक्षानं मंजूर केलेले दोष मला कळवण्यात आले. भाजी खात नाही, उशिरा झोपतो, मोबाइल फार बघतो. मोरिहेइ पहाटे बोट काढतो, म्हणजे झोपतो कोंबड्यांच्या आधी. आणि त्याच्या मोबाइलवर बघण्यासारखं काही नव्हतं, तो नुसता वाजायचा. वाजायचाही क्वचितच.

उत्सवाच्या सकाळी मी अंगणात पेंढा वळत बसलो होतो, तेवढ्यात मोरिहेइची बायको हात्सुए आली.

"भावजी, दोष सांगायला आलेय."

"अगं, ते कचेरीनं दिलेत की."

"ते त्यांच्या पोराचे. माझ्या घरातल्या पोराचे मी सांगणार."

आणि तिनं सांगितले. मी पेंढा वळायचा थांबलो.

संध्याकाळी मोरिहेइच्या घरात उभं राहायला जागा नव्हती. भिंतीला लागून पर्यटक, प्रत्येकाचा हात वर, हातात मोबाइल. मधोमध पांघरूण घातलेलं, खाली उबेची शेगडी असलेलं बुटकं टेबल आणि त्याखाली कमरेपर्यंत शिरलेला, पिवळी टोपी घातलेला एकसष्ट वर्षांचा बालक. मी पाय आपटले, गरजलो, मंजूर दोष सांगितले. मोरिहेइनं सरावाप्रमाणे तोंड वासलं आणि बोकडासारखा आवाज काढला. लोक सभ्यपणे हसले. उबुकातासाहेबांनी मला खूण केली, आणखी होऊ द्या.

मग मी म्हणालो, "अन् पोरगी घर सोडून निघाली, तेव्हा दारात उभा राहून काय म्हणालास रे? 'गेलीस तर परत येऊ नकोस.' गेली ती सेंदाईला. आलीच नाही. दर थंडीत हाताहाता नावाचा मासा आला की एक टोपली तिच्या नावानं बाजूला काढतोस. पाठवत मात्र नाहीस. शेवटी मांजर खातं. एवढा कसला रे माज तुझा?"

मोरिहेइ माझ्याकडे बघत राहिला. मग त्याची हनुवटी हलायला लागली. त्यानं पिवळी टोपी काढून तोंडावर धरली आणि तो रडला. ते रडणं सरावातलं नव्हतं. मी सुरा धरून तसाच उभा होतो. मुखवट्यात आतून डोळे पुसायची सोय नसते.

पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या.

कक्षाला आजवर मिळालेला तो सर्वोत्तम प्रतिसाद होता. 'हृदयाला हात घालणारा अनुभव,' असं एका बाईंनी लिहिलं, वर पाच तारे दिले. चित्रफीत देशभर फिरली. फिरत फिरत सेंदाईला मोरिहेइच्या मुलीच्या, मिसुझुच्या, मोबाइलवर पोचली. थोड्याच दिवसांत मोरिहेइचा मोबाइल वाजला. दोघं काय बोलली ते हात्सुएलाही नीटसं माहीत नाही. ती म्हणते, बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज येत होता, दोन्हीकडून. दुसऱ्या दिवशी टोपली सेंदाईला रवाना झाली. मांजर दारात बसून राहिलं.

इथून कक्षाच्या अडचणी सुरू झाल्या.

मोरिहेइ बदलला. जाळं विणताना शीळ घालायला लागला. आपल्याला एक नात आहे, चार वर्षांची, कोतोहा नावाची, हे त्यानं गावातल्या प्रत्येकाला वेगवेगळं गाठून सांगितलं. मला तर रोज सांगायचा. ही बातमी कचेरीत पोचली आणि उबुकातासाहेब घाईघाईनं धक्क्यावर आले. मी तिथंच होतो.

"फुनाकीकाका, कसं काय? प्रकृती?"

"झकास!"

साहेबांचा चेहरा पडला. "मुलीशी बोलणं होतं?"

"रोज."

"रोज म्हणजे... थोडं कमी करता येईल का? डिसेंबरपुरतं?"

"का हो?"

"आरक्षण भरलंय. लोक पार ओसाकाहून येताहेत, तुमच्यासाठी. गैरसमज नको काका, तुम्ही दुःखी व्हावं अशी कक्षाची मुळीच इच्छा नाही. फक्त जे दुःख आधीपासून होतं, ते कार्यक्रमापर्यंत जपून ठेवता आलं असतं तर..."

"पोरगी वर्षअखेरीला येतेय," मोरिहेइ म्हणाला. "नातीला घेऊन."

साहेबांनी डोळे मिटले. "नव्या वर्षात आल्या तर? राक्षस गेल्यावर लगेच?"

"साहेब, तुमचे आईवडील कुठं असतात?"

"नीगाताला."

"शेवटचं कधी गेला होता?"

"वर्षअखेरीला मला सुट्टी कुठली," साहेब म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, थोडासा अभिमानच होता.

मिसुझु आली ती उत्सवाच्याच दुपारी. साहेबांनी दारातच नियमावली उघडली. बारा वर्षांखालील बालकाला भीतीच्या कार्यक्रमात हजर राहता येत नाही. म्हणजे बालकाच्या जागी बालक चालणार नव्हतं. कोतोहाला मागच्या खोलीत, कानांत कापूस घालून बसवावं, असा तोडगा त्यांनी काढला. मोरिहेइनं मान डोलावली. तो इतक्या सहज कबूल झाला तेव्हाच साहेबांना शंका यायला हवी होती.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी नेहमीसारखा दार ढकलून आत गेलो, पाय आपटले आणि छातीत होता तेवढा सगळा जोर लावून गरजलो, "रडकी पोरं आहेत का रेऽऽ?"

टेबलाच्या पांघरुणाखालून किंकाळी आली.

खरी किंकाळी. तसला आवाज गावानं कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. पांघरूण उडालं आणि एक एवढीशी पोर मोरिहेइच्या गळ्याला असा विळखा घालून बसली की त्याचा श्वास अडकला. लाल झालेलं तोंड, नाकाला शेंबूड, आणि मला बघून पुन्हा किंकाळी. माझ्या मागचे चारही राक्षस जागच्या जागी थिजले. आम्हाला क्षणभर काय करायचं तेच आठवेना.

आठवलं मोरिहेइला. त्यानं डोक्यावरची पिवळी टोपी काढून बाजूला ठेवली, नातीला छातीशी धरलं आणि घरधन्यानं वाकावं तसा तो खाली वाकला.

"राक्षसमहाराज, एवढ्या बर्फातून आलात, उपकार झाले. आमची पोर शहाणी आहे. पुढच्या वर्षी आणखी शहाणी होईल. मी हमी देतो."

"नक्की?" मी गुरगुरलो.

"गाजर खाईन!" कोतोहा ओरडली. "मी गाजर खाईन!"

कोपऱ्यात मिसुझु हसत होती आणि रडतही होती. हात्सुएनं माझ्या झग्यातून गळलेली पेंढ्याची काडी उचलली आणि नातीच्या कपाळाला बांधली. अशानं वर्षभर पोराला आजार शिवत नाही. मी साके प्यालो.

मग पर्यटक भानावर आले.

"लहान मुलीला रडवलं!" कोणीतरी म्हणालं. मोबाइल खाली आले. मागच्या वर्षी पाच तारे देणाऱ्या बाई यंदा पुन्हा आल्या होत्या. त्यांनी बसमध्येच तक्रार लिहिली. म्हातारा माणूस रडतो ते सुंदर असतं, पण हे अमानुष होतं. एकाही म्हाताऱ्याला नीट रडू दिलं नाही, हेही त्यांनी नमूद केलं. एक तारा.

उबुकातासाहेबांनी कॅमेऱ्यांसमोर कमरेत वाकून माफी मागितली आणि बराच वेळ वर उठलेच नाहीत. उत्सव आता समाजमंदिरात होतो. राक्षस दोन, कंत्राटी, गालाला खळी असलेले. मोरिहेइनं बालकपदाचा राजीनामा दिला. तो मंजूर झाला, पण त्याच्या त्या वर्षीच्या रडण्याचं ध्वनिमुद्रण कक्षाकडे होतंच. ते ठरल्या वेळी भोंग्यावर लावतात. पर्यटक समाधानी आहेत. लोणचं अजूनही उत्तम मिळतं.

आम्ही सहा राक्षस, मोरिहेइ धरून, मात्र दुसऱ्याच एका संध्याकाळी निघतो, जेव्हा बस येत नाही. कोतोहा दर थंडीत घाबरायला येते. गेल्या खेपेला तिनं वर्गातली एक मैत्रीण आणली होती. तीही छान घाबरली.

पण असल्या गोष्टी लपून राहत नाहीत. खरा उत्सव बघायचाय, असे फोन यायला लागलेत. इथवर वाचलंत, म्हणजे एव्हाना तुमच्याही मनात आलंच असेल. अवश्य या. आम्ही कुणाला नाही म्हणत नाही. पोरं दोनच असतात, त्यामुळे त्यांचं झालं की समोर जो बसलाय त्याच्याकडे वळावं लागतं, आणि राक्षसाला दोष आधी कळलेले असावे लागतात. तेव्हा येण्यापूर्वी तुमच्या घरच्या कुणाचा तरी नंबर कळवा. आईचा चालेल, बायकोचा चालेल. ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याचा असेल तर फारच बरं. फोन मी स्वतः करीन, निवांतपणे.

आजवर टोक्योहून, ओसाकाहून पुष्कळांनी चौकशी केली. फार उत्साही माणसं. एवढी अट सांगितली की सगळी अगदी एकच उत्तर देतात.

"बघून कळवतो."